उपेक्षित मुलांच्या तोंडात डोकावणारा धन्वंतरी

दरवर्षी २१ मार्च हा दिवस जगभर डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे हे या अवस्थेचे कारण, म्हणून तिसऱ्या महिन्यातील एकविसावी तारीख निवडण्यात आली. या नावातील 'डाऊन' या शब्दाविषयी मात्र आजही गैरसमज आढळतो. मूल इतरांपेक्षा 'खाली' आहे, असा काहीसा त्याचा अर्थ असावा, अशी अनेक पालकांची समजूत असते. वस्तुतः ते एका इंग्रज डॉक्टरचे आडनाव आहे. डॉ. जॉन लँग्डन डाऊन हे त्या डॉक्टरांचे नाव.

१८६६ साली या अवस्थेचे पहिले व्यवस्थित वर्णन त्यांनी केले, एवढे वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. पण त्याच्याही चार वर्षे आधी, १८६२ मध्ये, 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्याचा विषय होता बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या तोंडाची स्थिती. ज्या मुलांना समाज घराच्या मागच्या खोलीत दडवून ठेवत होता, त्यांचे तोंड उघडून टाळू, जीभ आणि दात काळजीपूर्वक तपासावेत असे कुणाला वाटणे, हीच त्या काळात नवलाची गोष्ट होती. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या दंतआरोग्याचा स्वतंत्र विचार आज जगभरातील दंतमहाविद्यालयांत शिकवला जातो. त्याची पाळेमुळे शोधू जाता एक वाट डॉ. डाऊन यांच्यापाशी येऊन पोहोचते.

औषधविक्रेत्याचा मुलगा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात, टॅमर नदीच्या मुखाशी टॉरपॉइंट हे छोटे गाव आहे. तेथे १८ नोव्हेंबर १८२८ रोजी जॉनचा जन्म झाला. वडील जोसेफ यांचे गावात औषधांचे दुकान होते आणि जॉन हे त्यांचे शेंडेफळ. मुलगा हुशार असला तरी त्याने दुकानात हातभार लावावा, अशी वडिलांची इच्छा होती. त्यामुळे जेमतेम तेराचौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि जॉन पुड्या बांधू लागला.

त्यांच्या तरुणपणातील एक प्रसंग चरित्रकार आवर्जून सांगतात. अठरा वर्षांचा जॉन कुटुंबीयांसह सहलीला गेला असता जोराचा पाऊस आला आणि सर्वांनी एका झोपडीवजा घरात आसरा घेतला. तेथे त्यांना चहा देणारी मुलगी बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेली होती. तिच्याकडे पाहताना, हिच्यासाठी काही करता येणार नाही का, हा प्रश्न जॉनच्या मनात आला आणि तो पुढे कायमचा राहिला. खुद्द डॉ. डाऊन यांनी उतारवयात एका भाषणात ही आठवण सांगितली होती. थोरांच्या चरित्रात असे प्रसंग जरा अधिकच नीटनेटके होऊन येतात, हे खरे. तथापि पुढील आयुष्याची दिशा पाहता तो प्रश्न पोकळ नव्हता, एवढे मान्य करावेच लागते.

याच सुमारास जॉन लंडनला आला. गरिबांची दाट वस्ती असलेल्या व्हाइटचॅपल रस्त्यावरील एका शल्यचिकित्सकाकडे त्याला उमेदवारी मिळाली. रुग्णांचे रक्त काढणे, बाटल्या धुणे, औषधे बांधून देणे आणि दात उपटणे ही त्याची कामे. म्हणजे पुढे दंतवैद्यांच्या परिषदेपुढे व्याख्यान देणाऱ्या या माणसाची दातांशी पहिली ओळख पुस्तकातून झाली नव्हती, ती चिमट्यातून झाली होती.

त्या काळातील दात उपटणे म्हणजे काय प्रकार होता, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. इंग्लंडमध्ये दंतवैद्यकाला कायद्याचे बंधन नव्हते. न्हावी, लोहार, औषधविक्रेता यांपैकी कोणीही चिमटा हाती घेऊ शकत असे. दंतवैद्यांची नोंदणी ठरवणारा कायदा तेथे व्हायला १८७८ साल उजाडावे लागले. भूल देण्याची सोय तर नुकतीच कोठे दृष्टिपथात आली होती. १९ डिसेंबर १८४६ रोजी लंडनमधील गॉवर स्ट्रीटवरील एका घरात जेम्स रॉबिन्सन या दंतवैद्याने ईथरची भूल देऊन एका मुलीची दाढ काढली. इंग्लंडमधील ईथरच्या भुलेखालील शस्त्रक्रियांची ही सुरुवात मानली जाते. व्हाइटचॅपलच्या गरिबापर्यंत ही सुखसोय पोहोचायला अर्थातच वेळ लागला. शहाण्यासुरत्या माणसाला चौघांनी धरून ठेवावे लागे, तेथे ज्याला काय चालले आहे हेच कळत नाही, अशा मुलाची गत काय होत असेल?

दरम्यान जॉनने ब्लूम्सबरी स्क्वेअरमधील फार्मास्युटिकल सोसायटीच्या प्रयोगशाळेत प्रवेश मिळवला आणि रसायनशास्त्रात पारितोषिक पटकावले. मायकेल फॅरेडे यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला वायूंवरील प्रयोगांत साहाय्य करण्याची संधीही त्याला लाभली. मध्यंतरी प्रकृतीने दगा दिला, गावी परतून पुन्हा दुकान सांभाळावे लागले. १८५३ मध्ये वडील वारले आणि मग पंचविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या जॉनने लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. वर्गातील इतरांपेक्षा वयाने मोठा असलेल्या या विद्यार्थ्याने सुवर्णपदके मिळवली आणि १८५६ मध्ये तो वैद्यकाचा परवाना घेऊन बाहेर पडला.

अर्ल्सवुडचे आव्हान

एवढ्या गुणवंत डॉक्टरने लंडनमध्ये दवाखाना थाटावा, धनिकांचे रोग बरे करावेत आणि प्रतिष्ठा मिळवावी, हा सरळ मार्ग होता. डॉ. डाऊन यांनी १८५८ मध्ये जी नोकरी पत्करली, तिने त्यांचे सहाध्यायी चकित झाले. सरे परगण्यातील रेडहिलजवळच्या अर्ल्सवुड असायलमचे ते वैद्यकीय अधीक्षक झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणतीस होते.

या संस्थेच्या नावातच 'इडियट' हा शब्द होता. आज शिवी म्हणून वापरला जाणारा हा शब्द त्या काळी सरकारी कागदपत्रांत आणि वैद्यकीय ग्रंथांत रूढ होता. अँड्र्यू रीड या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने १८४७ मध्ये संस्था स्थापन झाली आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या हस्ते १८५५ मध्ये अर्ल्सवुडच्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले. हेतू उदात्त होता. प्रवेशाची पद्धत मात्र विलक्षण होती. देणगीदारांना मतांचा अधिकार असे. गरजू मुलांच्या नावांची यादी काढली जाई आणि ज्याला अधिक मते पडतील त्याला आत घेतले जाई. आपल्या मुलाला मत द्यावे म्हणून आईबापांना देणगीदारांचे उंबरे झिजवावे लागत. दयेचीही निवडणूक होत असे!

आत प्रवेश मिळालेल्यांची स्थितीही हेवा करण्याजोगी नव्हती. डॉ. डाऊन येण्यापूर्वी सरकारी निरीक्षकांनी संस्थेवर कडक ताशेरे ओढले होते. अस्वच्छता, गर्दी आणि अप्रशिक्षित नोकरवर्ग यांनी इमारतीची भव्यता फोल ठरवली होती. नव्या अधीक्षकांनी प्रथम मारहाण व शिक्षा बंद केल्या. निष्ठुर नोकरांना घरी पाठवले. अंघोळ, स्वच्छ कपडे आणि मोकळी हवा यांचा दिनक्रम घालून दिला. जेवणाच्या टेबलावर काटेचमचे आले. जी माणसे हाताला लागेल ते तोंडात कोंबत, त्यांना घास लहान घ्यावा आणि चावून खावा हे शिकवण्यात येऊ लागले. सुतारकाम, चपला शिवणे, चटया विणणे, बागकाम यांचे वर्ग सुरू झाले. जेम्स हेन्री पुलेन हा जवळजवळ बहिरा आणि बोलता न येणारा तरुण याच सुतारशाळेत घडला. त्याने बनवलेली जहाजांची अप्रतिम प्रतिरूपे पाहायला पुढे थोरामोठ्यांची रीघ लागली.

या सर्व कामात त्यांना पत्नीची भक्कम साथ होती. १८६० मध्ये मेरी क्रेलिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरीबाई अर्ल्सवुडमधील मुलांची देखभाल आणि व्यवस्था पाहत. त्यासाठी त्यांना वेतन मिळत नव्हते.

टाळूचे मोजमाप

डॉ. डाऊन यांच्या मनात एक व्यावहारिक प्रश्न होता. बौद्धिक अपंगत्व असलेले मूल समोर आणले की आईबाप पहिली विचारणा करीत, हे जन्मापासूनचे आहे की नंतर झाले? कोणी दाईला दोष देई, कोणी पाळण्यातून पडल्याचे सांगे. अनेक घरांत तर हा दोष सुनेच्या घराण्यावर ढकलला जाई, आणि हे केवळ इंग्लंडातच घडत होते असे नाही. मेंदूत डोकावण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायलाही तीन दशकांहून अधिक काळ होता. मग डॉक्टरने पाहायचे तरी कोठे?

डॉ. डाऊन यांनी तोंडात पाहिले. अर्ल्सवुडमधील निवाशांच्या तोंडांची त्यांनी पद्धतशीर तपासणी केली. दोन्ही बाजूंच्या मागच्या उपदाढांमधील अंतर मोजले. मग त्याच वयाच्या सर्वसामान्य बुद्धीच्या व्यक्तींची तशीच मापे घेतली आणि दोन्ही ताडून पाहिली. जन्मजात अपंगत्व असलेल्यांत, काही अपवाद वगळता, हे अंतर लक्षणीय कमी भरले. जबड्याची कमान अरुंद, त्यामुळे टाळू उंच चढलेली, जणू घराचे उतरते छप्पर. दात दाटीवाटीने व वेडेवाकडे आलेले.

या निरीक्षणाचा त्यांनी काढलेला अर्थ महत्त्वाचा होता. टाळूची घडण गर्भावस्थेत होते. ती बिघडलेली असेल तर मेंदूच्या वाढीतील अडथळाही जन्मापूर्वीचाच असला पाहिजे, म्हणजे पाळण्यातून पडण्याचा किंवा दाईच्या चुकीचा त्याच्याशी संबंध नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्वसाधारण समजुतीच्या उलट जाणारे आणखी एक मत त्यांनी पुढे मांडले. चेहऱ्याने देखणे व सुरेख दिसणारे मूल लवकर सुधारेल आणि ज्याच्या तोंडावर, जबड्यावर जन्मजात खुणा आहेत ते सुधारणार नाही, असे लोक धरून चालत. डॉ. डाऊन यांचा अनुभव नेमका विरुद्ध होता. जन्मजात खुणा असलेली मुले शिक्षणाला अधिक प्रतिसाद देतात, असे ते सांगत. ज्या मुलाकडे पाहून आईबापांनी आशा सोडली, त्याच्यासाठीच आशा आहे, असे सांगणारा हा डॉक्टर होता.

१८७१ च्या सुमारास त्यांनी हाच विषय ग्रेट ब्रिटनच्या ओडॉन्टोलॉजिकल सोसायटीपुढे, म्हणजे थेट दंतवैद्यांपुढे, विस्ताराने मांडला. दात व तोंड यांचा बुद्धीच्या विकासाशी असलेला संबंध, हा त्या निबंधाचा विषय. दंतवैद्यक हा नुकताच स्वतःच्या पायांवर उभा राहू पाहणारा व्यवसाय होता आणि नामांकित डॉक्टर सहसा त्याच्याकडे तुच्छतेने पाहत. एका रुग्णालयीन डॉक्टरने त्यांच्या सभेत जाऊन, तुम्ही रोज जे पाहता त्यात निदानाची किल्ली आहे, असे सुचवणे ही त्या व्यवसायालाही मिळालेली प्रतिष्ठा होती.

उंच टाळूचा हा निकष पुढील संशोधनात जसाच्या तसा टिकला नाही. अनेक निरोगी, बुद्धिमान माणसांची टाळूही उंच असते, हे नंतर दिसून आले. तोंडावरून बुद्धी ओळखण्याच्या नादात काही उत्तरकालीन डॉक्टर भलत्याच टोकाला गेले, हेही नाकारता येत नाही. डॉ. डाऊन यांची नजरही मुख्यतः निदान करणाऱ्याची होती. तोंड त्यांच्या दृष्टीने आतील गोष्ट सांगणारी खिडकी होते. त्याच तोंडात ठणकणारी दाढ असू शकते आणि ती सांगता न आल्यामुळे मूल स्वतःचे डोके भिंतीवर आपटू शकते, हा विचार वैद्यकात रुजायला आणखी कित्येक दशके लागली. तरीही कोणीतरी प्रथम तोंड उघडून पाहणे आवश्यक होते.

१८६६ चा निबंध

१८६२ पासून डॉ. डाऊन यांनी आणखी एक उद्योग आरंभला होता. छायाचित्रण ही तेव्हा नवी कला होती. अर्ल्सवुडमधील निवाशांची दोनशेहून अधिक छायाचित्रे त्यांनी घेतली. ती पाहताना एक गोष्ट जाणवते. स्वच्छ कपडे, विंचरलेले केस, ताठ बसलेली मुले. तत्कालीन प्रतिष्ठित कुटुंबे ज्या थाटात छायाचित्रे काढून घेत, त्याच थाटात ही मुले बसलेली आहेत.

चेहऱ्यांच्या या अभ्यासातून १८६६ चा प्रसिद्ध निबंध निर्माण झाला. एका गटातील मुले एकमेकांशी इतकी मिळतीजुळती दिसतात की ती सख्खी भावंडे वाटावीत, हे त्यांनी नोंदवले. रुंद चेहरा, तिरपे डोळे, लहान नाक, जाड, लांब व खरबरीत जीभ ही वैशिष्ट्ये त्यांनी टिपली. ही मुले नकला करण्यात पटाईत असतात, त्यांना विनोदाची जाण असते, हेही लिहिले. त्यांचे उच्चार अस्पष्ट असले तरी जिभेचे व्यायाम नीट आखून करून घेतल्यास बोलणे पुष्कळ सुधारते, असा उपायही त्यांनी सुचवला. निबंध वाचणाऱ्यांनी चेहऱ्याचे वर्णन उचलले. जिभेच्या व्यायामाचे वाक्य मात्र शंभराहून अधिक वर्षे बहुतेकांच्या नजरेतून निसटले.

आणि याच निबंधात त्यांची मोठी चूक झाली. डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यांनी या गटाला मंगोल वंशाचे नाव दिले. युरोपीय आईबापांच्या पोटी मंगोल वंशाची लक्षणे असलेले मूल जन्मते, अशी ही उपपत्ती आज शास्त्रीयदृष्ट्या निराधार व अपमानकारक ठरली आहे. तिला एक वेगळी पार्श्वभूमीही होती. अमेरिकेतील यादवी युद्ध नुकतेच संपले होते आणि निरनिराळे मानववंश या मुळातच भिन्न जाती आहेत, असे सांगून गुलामगिरीचे समर्थन करणारे विद्वान तेव्हा कमी नव्हते. आजारामुळे एका वंशात दुसऱ्या वंशाची लक्षणे दिसू शकतात, म्हणजे वंशांमधील भिंती अभेद्य नाहीत आणि सारी मानवजात एकच आहे, असा डॉ. डाऊन यांचा युक्तिवाद होता. स्त्रियांच्या बाबतीतही ते काळाच्या पुढे होते. उच्च शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या पोटी मंदबुद्धी मुले जन्मतात, हा प्रतिष्ठित डॉक्टरांमध्येही असलेला समज त्यांनी ठामपणे खोडून काढला. हेतू चांगला असला तरी चुकीच्या नावाने पुढे शंभर वर्षे लाखो मुलांना चिकटायचे ते चिकटलेच. आपल्याकडेही जुन्या पिढीतील डॉक्टरांच्या तोंडी हाच शब्द होता.

नॉर्मन्सफील्ड

अर्ल्सवुडच्या व्यवस्थापक मंडळाशी मतभेद वाढत गेले आणि १८६८ मध्ये डॉ. डाऊन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी लंडननजीक थेम्सकाठच्या टेडिंग्टन परिसरात त्यांनी व मेरीबाईंनी स्वतःची संस्था काढली. नॉर्मन विल्किन्सन या वकील मित्राच्या नावावरून तिचे नाव नॉर्मन्सफील्ड ठेवले. येथे प्रामुख्याने सधन घरांतील मुले येत. गरिबांची मुले सोडून श्रीमंतांची मुले सांभाळली, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. परंतु लंडन हॉस्पिटलमधील गोरगरिबांची सेवाही डॉ. डाऊन यांनी सोडली नव्हती.

नॉर्मन्सफील्डमध्ये शेत होते, कारखाने होते, घोडेस्वारी होती. १८७९ मध्ये तेथे एक सुंदर नाट्यगृह उभारण्यात आले. अस्पष्ट बोलणारी मुले रंगमंचावर उभी राहत, गात, नकला करीत. मेरीबाई हिशेब पाहत आणि पालकांशी पत्रव्यवहार सांभाळत. १८८७ मध्ये मेडिकल सोसायटी ऑफ लंडनपुढे डॉ. डाऊन यांनी व्याख्याने दिली आणि त्याच वर्षी ती पुस्तकरूपाने आली. आपले जुने निबंध त्यांनी त्यात समाविष्ट केले. तोंड व दात यांवरील लेखन त्यातही आहे.

घरातील दुःखे त्यांना चुकली नाहीत. एक मुलगी बालपणीच गेली. थोरला मुलगा एव्हरले १८८३ मध्ये ऐन तारुण्यात अपघाती जखमेने दगावला. रेजिनाल्ड आणि पर्सिव्हल हे दोघे डॉक्टर झाले आणि त्यांनी वडिलांचे कार्य पुढे चालवले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी डॉ. डाऊन यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी मेरीबाईही गेल्या. १९०५ मध्ये रेजिनाल्ड यांना मुलगा झाला. आजोबांचेच जॉन हे नाव त्याला देण्यात आले. हा नातू डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला होता. त्याच्या आजोबांनी अशा मुलांचे वर्णन करून तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती.

१९५१ मध्ये नॉर्मन्सफील्ड सरकारी आरोग्यसेवेकडे गेले. तेथील ढासळलेल्या कारभारावरून १९७६ मध्ये परिचारकांनी संप केला, चौकशी झाली आणि अखेर १९९७ मध्ये रुग्णालय बंद झाले. नाट्यगृह मात्र टिकून आहे आणि इंग्लंडमधील डाऊन सिंड्रोम असोसिएशनचे कार्यालय याच वास्तूत आले.

नाव बदलले, तोंड राहिले

१९५९ मध्ये फ्रान्समधील जेरोम लेजून, मार्थ गोतिए आणि रेमों तुर्पँ यांच्या संशोधनातून अतिरिक्त गुणसूत्राचा शोध जाहीर झाला आणि वंशाची उपपत्ती कायमची निकालात निघाली. १९६१ मध्ये एकोणीस तज्ज्ञांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून जुने नाव टाकून देण्याची मागणी केली. सह्या करणाऱ्यांमध्ये डॉ. डाऊन यांचे नातू नॉर्मन हेही होते. आजोबांनी दिलेले नाव नातवाने नाकारले आणि त्या जागी आजोबांचेच नाव आले. मंगोलियाच्या विनंतीनंतर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जुना शब्द सोडला.

गुणसूत्राने कारण सांगितले, तरी तोंडाचे प्रश्न तसेच होते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दात उशिरा येतात. पहिल्या दातासाठी कधी दीड-दोन वर्षेही वाट पाहावी लागते. काही कायमचे दात येतच नाहीत, आलेले दात आकाराने लहान आणि मुळे आखूड असतात. वरचा जबडा लहान व अरुंद, त्यामुळे जीभ बाहेर डोकावते आणि मूल तोंडाने श्वास घेते. तोंड कोरडे पडते. दातांना कीड लागण्याचे प्रमाण या मुलांत तुलनेने कमी असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. त्यामुळे कित्येक पालक निर्धास्त राहतात आणि तेथेच घात होतो. खरा शत्रू हिरड्यांचा विकार असतो. प्रतिकारशक्तीतील उणिवांमुळे तो लहान वयात सुरू होतो, झपाट्याने वाढतो आणि न किडलेले दातही हलून पडतात.

यात केवळ दातांचा प्रश्न नाही. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो. हिरड्यांतील जंतू रक्तात मिसळून सदोष हृदयाच्या आतील आवरणाला संसर्ग झाला तर प्राणावर बेतते. म्हणून अशा मुलाचा दात काढण्यापूर्वी दंतवैद्याने हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि गरज असल्यास प्रतिजैविक औषध आधी द्यावे, असा दंडक आहे. काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. खुर्चीत डोके मागे झुकवतानाही काळजी घ्यावी लागते. डॉ. डाऊन यांच्या काळी यांतील बहुतेक मुले क्षयासारख्या रोगांनी लहानपणीच दगावत. आज विकसित देशांत ही माणसे साठीपर्यंत जगतात. साठ वर्षे घास चावायचा तर दात व हिरड्या तितके टिकायला हवेत.

डॉ. डाऊन यांनी सुचवलेला जिभेचा व्यायाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या रूपात परत आला. अर्जेंटिनाचे डॉ. रोडोल्फो कास्तियो मोरालेस यांनी तान्ह्या मुलांच्या टाळूला बसवायची एक छोटी पट्टी तयार केली. तिच्यावरील उंचवट्याच्या चाळ्याने जीभ आपोआप वर आणि मागे ओढली जाते, ओठ मिटू लागतात. ओठांचे व जिभेचे मालिश आणि व्यायाम यांची तिला जोड दिली जाते. त्या टाळूची मापे अर्ल्सवुडच्या अधीक्षकांनी शतकापूर्वी घेतली होती.

मूल खुर्चीत बसतच नसेल तर काय करायचे, यावरही आता पद्धती आहेत. अगदी आवश्यक तेथे नायट्रस ऑक्साइड वायूने गुंगी दिली जाते किंवा रुग्णालयात पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सर्व उपचार उरकले जातात. पण त्याआधी एक साधी रीत वापरून पाहिली जाते. लेजून यांचा शोध जाहीर झाला त्याच १९५९ साली हॅरोल्ड अ‍ॅडलस्टन या अमेरिकी दंतवैद्याने ती मांडली. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे. मुलाच्या हाती छोटा आरसा द्यायचा. फिरता ब्रश प्रथम त्याच्या नखावर फिरवून दाखवायचा. मग आईच्या मांडीवर बसूनच त्याने तोंड उघडायचे आणि डॉक्टरने दात नुसते मोजायचे. पहिल्या भेटीत एवढेच झाले, तरी ती भेट यशस्वी मानली जाते.